नववं अंडं

माणसाने आग पेटवली, चाक फिरवलं, वाफेवर गाडी पळवली. पण त्याच्या बुद्धीने खरं शिखर गाठलं ते शून्यापाशी. काहीच नसण्याला ज्याने आकार दिला, तो सर्व शोधकांचा राजा!

केटरव्हिलच्या पाद्रीबुवांनी १८८२ सालच्या बेसबॉल हंगामाचं उद्घाटन करताना हे उद्गार काढले आणि टाळ्यांसाठी ते क्षणभर थांबले. तेवढ्यात गावच्या ब्रुअरीच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या, मागेच बांधून ठेवलेल्या घोड्याने त्यांची गवती हॅट डोक्यावरून अलगद उचलली आणि खाल्ली. हॅटखालून जे प्रकट झालं ते गोल होतं, गुळगुळीत होतं आणि मुद्द्याला धरून होतं. टाळ्या पडल्या त्या त्यालाच.

आमच्या गावाला शून्याचं एवढं वेड लागायला कारण होता कॉर्नीलियस हॅगर्टी, आमच्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. संघ पगारी होता. नऊच्या नऊ जण खेळायचे पैसे घेत, आणि त्यातले चार-पाच जण खेळतही. ब्रुअरीच्या भिंतीवर एक काळा फळा टांगलेला असे. पाहुण्यांचा एखादा डाव धावेविना संपला की फळ्यावर खडूने शून्य काढायचं. त्या शून्याला गावात सगळे अंडं म्हणत. सामन्याचे डाव नऊ. नऊच्या नऊ अंडी पडली म्हणजे सामना कोरा, आणि ज्याने तो टाकला त्या पिचरला ओहायोभर लोक हॅट काढून नमस्कार करत.

कॉर्नी आठ अंडी हमखास घालायचा. चार वर्षांत त्याने कितीतरी वेळा आठ अंडी घातली. नवव्या डावात मात्र कोणीतरी कुठूनतरी एक धाव काढायचाच आणि भोपळा फुटायचा. एकदा तर मधमाशी चावली म्हणून उडी मारणाऱ्या फलंदाजाच्या बॅटला चेंडू आपणहून लागला होता. कॉर्नी रस्त्याने चालला की बायका खिडकीतून विचारायच्या, "काय कॉर्नीलियस, आजही एक अंडं कमी का?" तो हसायचा. चांगला माणूस होता. हसताना त्याचा कान तेवढा लाल व्हायचा.

त्या जुलैमधल्या एका सकाळी क्लबचे अध्यक्ष ओटो श्लेगल यांनी त्याला बोलावून घेतलं. ब्रुअरी त्यांची, मैदान त्यांचं, संघ त्यांचा, पाद्रीबुवांची हॅट खाणारा घोडाही त्यांचाच.

"हॅगर्टी, टोलेडोहून एक पोरगा येतोय," श्लेगलसाहेब म्हणाले. "कोवळा आहे. पण म्हणे चेंडू वळवतो."

"चेंडू तर मीही वळवतो, साहेब."

"तू वळवतोस तो नवव्या डावात सरळ होतो."

कॉर्नीने हातातली टोपी उलटी करून पाहिली.

"शनिवारी पोर्ट लॅम्बर्टचा संघ येतोय," साहेब पुढे म्हणाले. "नऊ अंडी दाखव. पुढची तीन वर्षं तुला कोणी हलवणार नाही, हा ओटो श्लेगलचा शब्द. आठ दाखवलीस, तर सोमवारी वीटभट्टीवर जायचं. तिथे माझा मेहुणा आहे. माझं नाव सांग."

"नाव सांगून काय होईल?"

"काही नाही. पण त्याला बरं वाटेल."

कॉर्नी मुळातला वीटभट्टीवरचाच. तिथून सुटायला त्याला बारा वर्षं लागली होती. लाल विटांचं घर बघितलं की अजूनही तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचा. केटरव्हिलमध्ये सगळी घरं लाल विटांची होती, त्यामुळे त्याचं चालणं बरंच होई.

शनिवार उजाडला. ऊन असं की ब्रुअरीच्या अंगणातली डुकरंसुद्धा सावली शोधत होती. अंपायर म्हणून उभे राहिले एझ्रा पिंगरी. एझ्राकाकांचा धंदा शवपेट्यांचा. चेहरा गंभीर, कोट काळा, आवाज मऊ. त्या काळी फलंदाजाला चेंडू वरचा हवा की खालचा, हे अंपायरने आधी विचारायची पद्धत होती. एझ्राकाका दोन्ही हात पोटाशी गुंफून, मान किंचित कलती करून विचारत, "उंच हवा की ठेंगणा?" आणि चांगले दणकट फलंदाज त्या आवाजाने घाबरेघुबरे होत.

आठवा डाव संपला तेव्हा आमच्या अकरा धावा झाल्या होत्या आणि फळ्यावर आठ अंडी होती. सामन्यात आता कुणालाही रस उरला नव्हता. अकरा धावांनी पुढे असलेला संघ जिंकणार, हे घोड्यालाही कळत होतं. पण एकही माणूस घरी गेला नाही. सगळे फळ्यावरच्या नवव्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसले होते.

पाहुण्यांचा जीवही तिथेच अडकला होता. पोर्ट लॅम्बर्टच्या धक्क्यावर एक रीत होती. आपला संघ बाहेरून नऊच्या नऊ अंडी घेऊन आला, की गावकरी त्याचं स्वागत खऱ्या अंड्यांनी करत. ती ताजी नसत. त्यांचा कॅप्टन लायमन टटल नुकताच पांढरी फ्लॅनेलची पँट शिवून आला होता, आणि ती एकदा तरी पांढरी असताना बायकोला दाखवावी अशी त्याची इच्छा होती.

नववा डाव सुरू झाला. कॉर्नीने पहिला गडी बाद केला. दुसरा बाद केला. मग त्याचा खांदा कुरकुरायला लागला. नऊ डाव तो एकटाच टाकत होता, कारण तेव्हा दुसरा पिचर ठेवणं म्हणजे एका घरात दोन सासवा ठेवण्यासारखं समजत. मैदानातल्या तीन पायऱ्या, म्हणजे बेस, ओलांडून घरच्या पायरीला परतलं की एक धाव; पाहुण्यांचा एक गडी दुसऱ्या पायरीवर पोचला, एक तिसऱ्यावर. आता एक साधा टोला बसला असता तरी धाव होती.

फलंदाजामागे चेंडू पकडणारा आमचा कॅचर वेंडलिन धावत पुढे आला. त्याची दहापैकी सहा बोटं कधी ना कधी मोडलेली होती, त्यामुळे तो बोट दाखवायचा एकीकडे आणि ते जायचं भलतीकडे.

"अरे कॉर्न्या, हात कसाय?"

"हात? कुठला हात?"

"बस, अजून एक गडी. चेंडू तर लोण्यासारखा झालाय. हा मैदानाबाहेर मारायला हत्ती लागेल."

हे मात्र खरं होतं. तेव्हा एका सामन्याला एकच चेंडू. सकाळी टणक असलेला तो चेंडू नवव्या डावापर्यंत उकडलेल्या बटाट्यासारखा होई. जोरात मारा, हळू मारा, तो भद्द करून जवळच पडायचा. कॉर्नीचं सगळं दैव त्या मऊ चेंडूत होतं.

पाहुण्यांचा फलंदाज होता बर्डसॉल. आकाराने हत्तीच्या बराच जवळचा.

"उंच हवा की ठेंगणा?" एझ्राकाकांनी विचारलं.

"उंच," बर्डसॉल म्हणाला. बोलताना त्याचाही आवाज जरा कापला.

कॉर्नीने चेंडू टाकला. बर्डसॉलने बॅट अशी फिरवली की स्वतःही एक गिरकी घेतली. चेंडू सरळ वर गेला, मागे वळला, प्रेक्षकांच्या बाकांवरच्या छपरावरून गेला आणि ब्रुअरीच्या अंगणात उतरला. फाऊल. धाव नाही, बाद नाही, काहीच नाही. पण चेंडूही नाही.

ब्रुअरीच्या अंगणात उकडून टाकलेल्या सातूच्या चोथ्याचा डोंगर असे. वाफाळलेला, भुरा आणि डुकरांनी चहूबाजूंनी पोखरलेला. चेंडूचा रंगही तोपर्यंत भुराच झाला होता.

एझ्राकाकांनी खिशातून घड्याळ काढलं. "नियमाप्रमाणे दोन्ही संघांनी पाच मिनिटं शोधायचं. नाही सापडला तर नवा चेंडू."

नवा चेंडू! नवा, टणक, पांढरा चेंडू आणि समोर बर्डसॉल! तो चेंडू टोलेडोला जाऊन तिथल्या पोराला निरोप देऊनच परतला असता.

दोन्ही संघ अंगणात शिरले. आमचे लोक गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चोथा उपसू लागले. पाहुण्यांची शोधायची पद्धत वेगळी होती. त्यांच्यातला एक जण ढगांकडे बघत होता. दुसरा एका डुकराची पाठ खाजवत होता. टटल तर चोथ्याच्या डोंगरावर पाय फाकून उभा राहिला आणि खिशात हात घालून शिट्टी वाजवू लागला.

कॉर्नीला संशय आला.

"कॅप्टन, जरा पाय उचलता?"

टटलने उजवा पाय उचलला. खाली काही नव्हतं.

"आता डावा."

टटलने उजवा ठेवून डावा उचलला. तिथेही काही नव्हतं.

"आता पुन्हा उजवा बघू."

"का रे बाबा? तुला चेंडू शोधायचाय की मला नाचायला शिकवायचंय?"

"तुम्ही चार पावलं बाजूला का होत नाही?"

"इथून लांबचं चांगलं दिसतं," टटल म्हणाला. "मी लांबचं शोधतोय."

घड्याळाचा काटा चालला होता. कॉर्नी डोंगरात कोपरापर्यंत घुसला. त्याला एक बूट सापडला, एक घोड्याची नाल सापडली, आणि वेंडलिनचा हात सापडला. चेंडू सापडला नाही.

तेव्हा श्लेगलसाहेब एका पिंपावर चढले. टोलेडोच्या पोराला त्यांनी बोलावलं होतं खरं. पण आपल्या अंगणात, आपल्या चोथ्यात, आपल्या भिंतीवरचं नववं अंडं बुडावं हे त्यांनाही सोसेना.

"चेंडू आणून देणाऱ्याला," ते गरजले, "वर्षभर फुकट बिअर!"

यापुढे जे घडलं त्याचं वर्णन करताना पाद्रीबुवा 'चमत्कार' हा शब्द वापरत. तो त्यांच्या अधिकारातला शब्द असल्यामुळे मी वाद घालत नाही. छपराखालची सगळी बाकं रिकामी झाली. लोक अंगणात शिरले, लोक घरी पळाले, लोक कुंपणावरून उड्या मारून गेले आणि आले. आणि चेंडू सापडू लागले. एक धोब्याच्या पाटीत सापडला. एक चर्चच्या घंटेखाली सापडला. दोन बघता बघता पिपातून निघाले. चार वर्षांत त्या छपरावरून गेलेला प्रत्येक चेंडू गावात कुठे ना कुठे जपून ठेवलेला होता, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगत होता की आत्ता हरवला तो हाच.

सगळ्यांत शेवटी ॲपलगेटबाई आल्या. विधवा बाई, शेजारीच घर. त्यांच्या पदरात, म्हणजे एप्रनमध्ये, एक चेंडू होता आणि काखेत एक चिडलेली कोंबडी.

"गेल्या उन्हाळ्यापासून हा हिच्याखाली आहे," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू, आजचा नाही हा. पण बाकीचेही आजचे नाहीत, मग माझ्याच चेंडूने काय घोडं मारलंय?"

एझ्राकाकांनी सगळे चेंडू गवतावर ओळीने मांडले. ते काम त्यांच्या हातचं होतं. प्रत्येकाला त्यांनी सारखं अंतर दिलं.

"यातला आजचा कुठला?"

कॉर्नी पुढे झाला. प्रत्येक चेंडू दाबून बघत गेला, आणि एका उकडलेल्या बटाट्याशी थांबला. त्याचा चेहरा उजळला.

"काका, हा! हाच! ही बघा शिवणीवर माझ्या नखाची खूण. मी दर चेंडूच्या आधी इथे नख दाबतो."

एझ्राकाकांनी चष्मा लावला. "खूण आहे." मग त्यांनी शेजारचा चेंडू उचलला. "याच्यावरही आहे." त्याच्या शेजारचा. "याच्यावरही." मग त्यांनी हळूच विचारलं, "हॅगर्टी, चार वर्षं आपल्या गावात चेंडू कोण टाकतंय?"

"मीच."

"मग खूण कुणाची असणार?"

"बघा!" टटल उसळला. "हा सर्वांत मऊ उचलणारच! याला निवडू द्याल तर मी तार करीन!"

"कुणाला?" एझ्राकाकांनी विचारलं.

टटलला ते ठरवायला वेळ लागला. तोपर्यंत काकांचा निकाल झाला होता. "आजचा चेंडू ओळखता येत नाही, पण चेंडू सापडलेच नाहीत असंही म्हणता येत नाही. म्हणजे नवा द्यायला नियम नाही. यातलाच एक घ्यायचा. इतका वेळ हॅगर्टीच्या मनासारखा चेंडू होता; आता पाहुण्यांनी निवडावा."

कॉर्नी मटकन चोथ्यावर बसला.

टटल ओळीवरून फिरला. दाबत गेला, वाजवत गेला, एक तर दाताने चावून पाहिला. ॲपलगेटबाईंच्या चेंडूपाशी आल्यावर त्याने तो बोटाने ठोकला. टक टक. पुन्हा ठोकला. टक टक. दगड! वर्षभर उबेत राहून त्याचं कातडं असं वाळलं होतं की नव्या चेंडूने लाजावं. टटलने तो बर्डसॉलच्या हातात दिला. बर्डसॉलने तो तोलून बघितला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

कोंबडी ओरडली. कोणी लक्ष दिलं नाही.

सगळे परत मैदानात आले. दोघे गडी आपापल्या पायऱ्यांवर उभे राहिले. कॉर्नीने चेंडू हातात घेतला. हातात वीटच आली असं त्याला वाटलं. खांदा आता कुरकुरतही नव्हता. तो गप्प होता, आणि ते जास्त वाईट होतं.

"वळव!" वेंडलिन ओरडला.

"वळत नाही रे."

"मग टाक तरी!"

छपराखालून कोणीतरी आवाज दिला, "कॉर्न्या, विटा उन्हात वाळल्यात बघ, वाट बघतायत!" आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारल्याचाही आवाज आला.

"उंच हवा की ठेंगणा?"

"उंच. आणि लवकर," बर्डसॉल म्हणाला.

कॉर्नीने हात मागे नेला. तो पुढे आला तेव्हा त्यात त्याचं सगळं अंग होतं, कारण नुसत्या हातात काही उरलं नव्हतं. चेंडू साधा होता, सरळ होता आणि एखाद्या पाहुण्याला सोडायला निघाल्यासारखा संथ होता. बर्डसॉलने तो अगदी मधोमध हाणला.

कडाड!

चेंडू फुटला. वर्षभर उबवलेला तो चेंडू अखेर फुटला. कातडं वाळलं होतं तसा शिवणीचा दोराही कुजला होता. कातडं एकीकडे उडालं, आतला लोकरीचा गोळा दुसरीकडे, आणि दोघांच्या मधे धागा उलगडत गेला. गोळा गोळीसारखा कॉर्नीच्या पोटावर आदळला. त्याने डाव्या हाताने तो तिथेच दाबून धरला. कातडं मात्र वटवाघळासारखं फडफडत तिसऱ्या पायरीची राखण करणाऱ्या आमच्या शार्पलेसकडे निघालं. शार्पलेस तसा भित्रा. त्याने झेलायला डोक्यावरची टोपी काढली.

"टोपी नको!" कॉर्नी किंचाळला. "टोपीतला झेल चालत नाही! हात लाव, हात!"

शार्पलेसने टोपी फेकली, डोळे मिटले आणि हात पसरले. कातडं त्याच्या तळहातांवर येऊन बसलं. तिसऱ्या पायरीवरून सुटलेला पाहुण्यांचा गडी मधल्या धाग्यात पाय अडकून आडवा झाला आणि तसाच सरपटत घरच्या पायरीला हात लावून "धाव! धाव!" म्हणून ओरडू लागला.

टटल एझ्राकाकांच्या अंगावर धावला. "चेंडू कुठला? गोळा की कातडं? आधी सांगा चेंडू कुठला! अर्ध्या झेलाला बाद म्हणत नाहीत!"

एझ्राकाकांनी कॉर्नीकडे बघितलं, शार्पलेसकडे बघितलं, दोघांमधल्या धाग्याकडे बघितलं. मग त्यांनी हॅट काढली. हॅट ते फक्त धंद्याच्या वेळी काढत.

"माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात," ते मऊ आवाजात म्हणाले, "देह एकाकडे गेला आणि आत्मा दुसऱ्याकडे, म्हणून माणूस गेला नाही असं कधी झालेलं नाही. फलंदाज बाद."

फळ्यावर नववं अंडं चढलं. मग जो गोंधळ झाला त्यात छपराचे तीन खांब मोडले. वेंडलिन आपली सगळी बोटं भलत्याच दिशांना दाखवत रडत होता. टटल आपल्या पांढऱ्या पँटकडे शेवटचं बघून घेत होता. पाद्रीबुवा नव्या हॅटवर दोन्ही हात ठेवून नाचत होते. आणि मैदानाच्या मधोमध, आपल्या जागेवर, कॉर्नीलियस हॅगर्टी पुतळ्यासारखा उभा होता. उजवा हात खाली लोंबत होता, डाव्याने लोकरीचा गोळा पोटाशी धरला होता आणि बोटांना धाग्याचे वेढे पडले होते. अंपायरने सोड म्हणेपर्यंत तो सोडायला तयार नव्हता, आणि अंपायर गर्दीत सापडत नव्हते.

श्लेगलसाहेब लोकांना बाजूला सारत त्याच्यापाशी पोचले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हॅगर्टी! ओटो श्लेगल शब्दाचा पक्का आहे! पुढची तीन वर्षं ही जागा तुझी. टोलेडोच्या पोराला मी आत्ता तार करतो, गाडीत बसला असेल तर उतर म्हणावं. साऱ्या ओहायोत असा पिचर नाही! असा हात नाही!" असं म्हणून त्यांनी आपला भलामोठा पंजा पुढे केला. "आण हात! हातावर हात, आणि ठरलं!"

सगळं गाव टाचा उंचावून बघू लागलं.

कॉर्नीने साहेबांच्या पंजाकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. उचल म्हणून त्याला मनातल्या मनात सांगून बघितलं. हात जागचा हलला नाही. बोटंसुद्धा हलली नाहीत. कॉर्नीचा कान लाल झाला. तो साहेबांच्या जरा जवळ सरकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला,

"हाताचं नंतर बघू, साहेब. आधी जरा माझं नाक खाजवता का? डाव्या बाजूला."